२५० अंशांच्या ओव्हनमधला पिझ्झा

घरच्या पिझ्झ्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: उष्णता कमी पडते. नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीचा तळ ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आपल्या ओटीजीचा (घरगुती ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा) आकडा २३० किंवा २५० वर संपतो, आणि पिझ्झा आत आठ-नऊ मिनिटं बसून राहतो. तेवढ्या वेळात पिठातलं पाणी उडून जातं, भाज्या पाणी सोडतात, चीज तेल सोडतं आणि कडेला रंग येईपर्यंत पाव वाळलेला असतो.

नेपल्सच्या रिवाजात पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं. त्या आगीला ते पुरतं. २५० अंशांवर तेच पीठ पांढरं आणि कडक राहतं. म्हणून इथली कृती न्यूयॉर्कच्या पिझ्झ्याकडे झुकलेली आहे: पिठात थोडं तेल, थोडी साखर, वर सॉस आणि भाज्या बेताच्या. साखरेमुळे कमी तापमानातही रंग लवकर येतो आणि तेलामुळे पाव मऊ राहतो.

पीठ

१० इंची चार पिझ्झ्यांसाठी:

मैदा ५०० ग्रॅम
पाणी ३०० मिली
बारीक मीठ १२ ग्रॅम (सपाट दोन छोटे चमचे)
तेल १५ ग्रॅम (एक मोठा चमचा)
साखर ८ ग्रॅम (दोन छोटे चमचे)
इन्स्टंट ड्राय यीस्ट १ ग्रॅम (पाव छोट्या चमच्याहून किंचित जास्त)

मैदा वाटीने मोजू नका. एकाच वाटीत सैल भरलेला आणि दाबून भरलेला मैदा यांच्या वजनात सहज २० टक्क्यांचा फरक पडतो आणि पाण्याचं सगळं गणित कोलमडतं. साधा डिजिटल वजनकाटा पिझ्झा स्टोनपेक्षा (ओव्हनमध्ये तापवायच्या जाड दगडी फरशीपेक्षा) स्वस्त आहे आणि त्याहून जास्त उपयोगी.

मैद्याच्या पाकिटामागे १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते छापलेलं असतं. ११ ग्रॅम किंवा अधिक असतील तर उत्तम. ९-१० ग्रॅमच्या मैद्याचाही पिझ्झा होतो, पण त्यातलं ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिनांचं जाळं) दुबळं असल्यामुळे ते पीठ २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नये; ते सैल पडतं आणि ताणताना फाटतं. असा मैदा असेल तर व्हायटल व्हीट ग्लूटेन (गव्हातल्या ग्लूटेनची तयार पूड) १० ग्रॅम कोरड्या मैद्यात नीट मिसळा आणि पाणी १५ मिली वाढवा. चिवटपणात लगेच फरक जाणवतो.

कणीक वापरायची असेल तर ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक आणि ३२५ मिली पाणी घ्या. चक्कीवर दळताना गव्हातलं स्टार्च जास्त भंगतं, आणि कोंडाही असतो, त्यामुळे कणीक पाणी जास्त पिते. पूर्ण कणकेचा पिझ्झा करता येतो, पण कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे तोडतात आणि कडा फुगत नाही. तो वेगळा पदार्थ म्हणून खावा.

तेल कोणतंही चालेल, मात्र घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास शेवटपर्यंत टिकतो. ऑलिव्ह किंवा साधं सूर्यफुलाचं तेल बरं.

यीस्टचं पाकीट उघडलं की हवाबंद बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. ओट्यावर उघडं राहिलेलं यीस्ट आपल्या दमट हवेत काही आठवड्यांत निकामी होतं. शंका असेल तर अर्धा चमचा यीस्ट, चिमूट साखर आणि पाव वाटी कोमट पाणी एकत्र करा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते फेकून द्या. दुकानातलं यीस्ट ‘ॲक्टिव्ह ड्राय’ असेल तर ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. इन्स्टंट थेट मैद्यात जातं.

मळणं

पाण्याचं तापमान ही दुर्लक्षित गोष्ट आहे. पाश्चात्त्य पाककृतींमध्ये कोमट पाणी लिहिलेलं असतं, कारण तिथलं स्वयंपाकघर थंड असतं. मळून झालेल्या पिठाचं तापमान २५ अंशांच्या आसपास हवं. हिशेब असा: ७५ मधून खोलीचं तापमान आणि मैद्याचं तापमान वजा करा, हाताच्या घर्षणाचे आणखी ३ वजा करा, उरतं ते पाण्याचं तापमान. मुंबईच्या ३२ अंशांच्या स्वयंपाकघरात उत्तर ८ येतं, म्हणजे फ्रीजमधलं पाणी. नागपूरच्या मे महिन्यात उत्तर शून्याखाली जातं. तेव्हा पाण्यातला काही भाग बर्फ घ्या आणि मैदाही तासभर फ्रीजमध्ये ठेवा. नाशिकच्या डिसेंबरात नळाचं पाणी चालून जातं.

परातीत मैदा, साखर आणि यीस्ट कोरडंच मिसळा. पाणी घालून ओबडधोबड गोळा करा, कोरडं पीठ दिसलं नाही की थांबा आणि ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवा. या वेळात मैदा पाणी पितो आणि निम्मं मळणं आपोआप होतं. मग मीठ आणि तेल घालून सात-आठ मिनिटं तिंबा. सुरुवातीला तेलामुळे गोळा निसटतो, तुटतो; दोन मिनिटांत सावरतो.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला किंचित चिकटणारं हवं. इथे हात शिवशिवतात आणि परातीत कोरडा मैदा पडतो. तो टाळा. चिकटलं तर हाताला तेलाचा थेंब लावा किंवा पाच मिनिटं थांबा. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. पारदर्शक पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला की मळणं झालं. लगेच फाटला तर आणखी दोन मिनिटं.

फुगवणं

मळलेलं पीठ अर्धा तास बाहेर ठेवा, मग २०९ ग्रॅमच्या आसपासचे चार उंडे करा. प्रत्येकाची कड खाली दुमडत वरचा पृष्ठभाग ताणून गुळगुळीत करा, खालची चुणी चिमटीत बंद करा. प्रत्येक उंडा वेगळ्या, तेल लावलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. एकाच डब्यात ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना आतली हवा निघून जाते.

डबे फ्रीजमध्ये २४ ते ४८ तास. थंडीत यीस्ट मंदावतं, पण मैद्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करत राहतात. चव आणि रंग दोन्ही तिथून येतात. एका तासात फुगवलेल्या पिठाला मात्र यीस्टचा उग्र वास येतो, कारण घाईत यीस्ट जास्त घालावं लागतं. वापरण्याआधी उंडे उन्हाळ्यात एक तास, थंडीत दोन तास बाहेर काढा.

त्याच दिवशी करायचा असेल तर यीस्ट ३ ग्रॅम (एक छोटा चमचा) घ्या, पीठ दीड तास फुगू द्या, उंडे करून आणखी पाऊण तास ठेवा. चालण्यासारखा होतो, इतकंच.

सॉस

नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातून येणारा संकरित टोमॅटो लांबच्या वाहतुकीला टिकावा म्हणून जाड सालीचा आणि घट्ट असतो, आणि बरेचदा पूर्ण पिकण्याआधी तोडलेला. विकत आणल्यावर तीन-चार दिवस फ्रीजबाहेर ठेवून लाल होऊ द्या.

चार पिझ्झ्यांना एक किलो टोमॅटो. आडवे कापून किसणीवर किसा, साल हातात राहते ती टाका. गरात एक छोटा चमचा मीठ घालून २० मिनिटं गाळणीत ठेवा. खाली पडणारं पाणी फेकू नका, ते सारात जातं. पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल, चार पाकळ्या लसणाचे काप. लसूण जेमतेम पिवळा झाला की गर घाला आणि मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं आटवा. कढईत उलथनं ओढलं की मागे वाट राहायला हवी. शेवटी चुरगळलेलं ओरेगॅनो, आणि टोमॅटो आंबट असतील तर अर्धा चमचा साखर. कांदा, आलं, गरम मसाला घातला की त्याची भाजी होते. सॉस पूर्ण गार करूनच लावा; गरम सॉसखाली पीठ आधीच चिकट होऊन बसतं.

एका पिझ्झ्याला चार मोठे चमचे, साधारण ६५ ग्रॅम. सॉसमधून मधूनमधून पीठ दिसलं पाहिजे.

ताज्या बेसिलला अंगणातली तुळस पर्याय नाही. तिचा वास लवंगेकडे जातो. सब्जाचं बी ज्या झाडाचं असतं ती मात्र बेसिलचीच जात आहे. कुंडीत सब्जा पेरला तर वापरण्याजोगी पानं मिळतात, सुगंध थोडा वेगळा असला तरी. पानं पिझ्झा बाहेर काढल्यावर घाला. नेपल्समध्ये ती आधी घालतात, पण आपल्या नऊ मिनिटांत ती काळी पडतात.

चीज

कमी ओलाव्याचं मोझरेला, शक्यतो ठोकळा. १० इंची पिझ्झ्याला ९० ते १०० ग्रॅम पुरे. फ्रीजमधून काढून लगेच जाड किसा आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा. नऊ मिनिटांच्या भाजणीत थंड चीज जरा उशिरा तेल सोडतं. तयार किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेलं असतं, त्यामुळे ते सलग वितळत नाही.

पाकिटावरचे घटक वाचा. वनस्पती तेल दिसलं तर ते दुधाचं चीज नव्हे. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज वितळतं पण ताणलं जात नाही, कारण त्यातले इमल्सिफाय करणारे क्षार प्रथिनांना जोडून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतात आणि तारेची रचनाच मोडते. चवीसाठी मोझरेलात पाचवा हिस्सा चेडर मिसळायला हरकत नाही.

पाण्यातलं ताजं मोझरेला आणलंच असेल तर काप करून दोन तास फडक्यावर निथळा आणि पिझ्झा निम्मा भाजल्यावर घाला. पनीर वितळणार नाही, कितीही तापवा. बारीक तुकडे करून तेल-मीठ-तिखट लावा आणि चीजखाली ठेवा, नाहीतर रबर होतं.

भाज्या एकूण ६०-७० ग्रॅम, म्हणजे एक मूठ. मशरूम आणि ढोबळी मिरची आधी कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर परतून पाणी काढून टाका. कांदा पातळ उभा चिरून कच्चाच. मक्याचे दाणे उकडल्यावर फडक्यावर कोरडे करा. टोमॅटोचे काप घालू नका, खाली सॉस आहेच. कच्चं चिकन तर मुळीच नाही. तेवढ्या वेळात ते शिजेलच याची खात्री नसते, शिजवलेलंच घाला.

ओव्हन आणि तवा

ओटीजीसोबत येणारा पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे पिझ्झ्याला निरुपयोगी आहे. त्यात साठलेली उष्णताच नसते, त्यामुळे पीठ ठेवताच तो थंड होतो. जड तळ हवा. चार-पाच मिलिमीटर जाडीचा सपाट लोखंडी किंवा बिडाचा डोसा तवा घ्या. दांडा लाकडी-प्लास्टिकचा असेल तर तो काढा. तवा आणि ओव्हनच्या भिंती यांच्यात सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, म्हणजे हवा फिरते. पिझ्झा स्टोन असेल तर उत्तम. ओट्यावरचा उरलेला कडप्प्याचा तुकडा मात्र आत ठेवू नका: थरांच्या दगडात ओल असते आणि तापल्यावर तो तडकू शकतो.

तवा वरच्या कॉइलपासून साधारण १०-१२ सेंटिमीटर खाली येईल असा ठेवा. दोन्ही कॉइल, सर्वांत जास्त तापमान, तवा असेल तर ३० मिनिटं, स्टोन असेल तर ४५ ते ६०. ‘प्रीहीट झालं’ हे सांगणारा दिवा हवेचं तापमान सांगतो, तव्याचं नाही. ओटीजीचा आकडाही भरवशाचा नसतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर एकदा घ्या आणि तुमचा २५० म्हणजे खरे किती ते पाहून ठेवा.

थर्मोस्टॅट ठरलेलं तापमान गाठल्यावर कॉइल बंद करतो. नेमक्या त्या क्षणी पिझ्झा आत गेला तर वरून रंग येत नाही. म्हणून पिझ्झा आत सरकवण्याआधी दार अर्धा मिनिट किलकिलं करा. तापमान उतरतं, वरची कॉइल पुन्हा लाल होते. लाल दिसली की आत.

थापणं आणि भाजणं

उंडा मैद्यात दोन्ही बाजूंनी घोळवा. बोटांच्या टोकांनी मध्यापासून बाहेर दाबत जा, कडेची दीड सेंटिमीटर पट्टी सोडून. मग दोन्ही मुठींवर उचलून फिरवा, वजनानेच पीठ ताणलं जातं. लाटणं आणू नका. दोन दिवस जमवलेली हवा ते दोन फेऱ्यांत काढून टाकतं आणि कडा पापडी होते. पीठ मागे आखडत असेल तर ते अजून थंड आहे किंवा नुकतंच हाताळलेलं आहे. दहा मिनिटं झाकून ठेवा, जबरदस्ती करू नका.

पाट, उलटं ताट किंवा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर बारीक रवा भुरभुरा. रवा मैद्यासारखा ओल पिऊन चिकट होत नाही. पीठ ठेवल्यावर एकदा हलवून पाहा, सरकतंय ना. सॉस, भाज्या, चीज दोन मिनिटांत आटपा. जास्त वेळ बसलेला पिझ्झा पाटाला धरतो. तव्याच्या मागच्या कडेशी पाट टेकवून झटक्यात मागे ओढा. भीती वाटत असेल तर बेकिंग पेपरवर थापा आणि पेपरसकट ठेवा, मात्र पेपरवरची तापमर्यादा पाहा. ती बरेचदा २२० अंशांच्या आसपास असते, तेव्हा बाहेर येणारे कोपरे कापा आणि तळ धरला की दोन मिनिटांत पेपर खेचून घ्या.

सात ते नऊ मिनिटं. चौथ्या मिनिटाला फिरवा, कारण बहुतेक ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात. कडेवर तपकिरी डाग आणि चीजवर बुडबुड्यांचे करडे ठिपके दिसले की काढा. जाळीवर दोन मिनिटं ठेवून मग कापा. थेट ताटात ठेवला तर वाफेने तळ ओला होतो. पुढचा पिझ्झा घालण्याआधी तवा पाच-सहा मिनिटं पुन्हा तापू द्या.

ओटीजी नसेल तर

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये वरून-खालून दोन्हीकडे उष्णता कमीच असते. गॅसवर बिडाचा तवा कडक तापवा, थापलेलं पीठ त्यावर टाका, सॉस-चीज तिथेच लावा, तळाला डाग पडेपर्यंत दोन-तीन मिनिटं ठेवा आणि मग सबंध पिझ्झा कन्व्हेक्शनमध्ये, ग्रिल असेल तर ग्रिलखाली, न्या. ही पद्धत कमजोर ओटीजीलाही लागू पडते.

फक्त गॅस असेल तर एक बाजू भाजून पीठ उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज लावा, आच मंद करून झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत चीज वितळतं. वरून रंग येणार नाही, आणि झाकणाला जमणारं पाणी मधूनच पुसावं लागतं. नॉनस्टिक तवा रिकामा कडक तापवू नका. त्याचं आवरण २६० अंशांपुढे खराब होऊ लागतं आणि गॅसवर ते तापमान पटकन गाठलं जातं.

बिघडलं तर

मध्यभाग ओला राहिला: सॉस पातळ होता, भाज्या कच्च्या होत्या किंवा तवा पुरेसा तापला नव्हता. पुढच्या वेळी आधी चीज-भाज्या निम्म्या करून पाहा, मग तव्याकडे वळा.

खाली करपला, वर पांढरा: तवा खालच्या कॉइलच्या फार जवळ आहे. एक खण वर घ्या आणि शेवटची दोन मिनिटं फक्त वरची कॉइल चालू ठेवा.

सगळीकडून फिकट आणि कडक: भाजायला वेळ फार लागला, म्हणजे ओव्हनचं खरं तापमान कमी आहे. साखर १२ ग्रॅमपर्यंत आणि पाणी ३१५ मिलीपर्यंत वाढवा.

पीठ डब्यात सपाट पसरलं आणि दारूसारखा वास आला: जास्त आंबलं. फ्रीज फार वेळा उघडला जात असेल तर आतलं तापमान वर जातं. २४ तासांतच वापरा. असं पीठ ताणायला जाऊ नका. तेल लावलेल्या ट्रेमध्ये बोटांनी दाबून, वर मीठ-लसूण घालून फोकाच्या (जाड, चपटा इटालियन पाव) करा.

चारही उंडे एकदम लागत नसतील तर तेलाचा हात लावून डब्यासकट फ्रीझरमध्ये ठेवा, तीन आठवडे टिकतात. त्यासाठी यीस्ट दीड ग्रॅम घ्या, कारण गोठताना त्यातलं काही मरतं. आदल्या रात्री खालच्या खणात काढा आणि थापण्याआधी दोन तास बाहेर. उरलेले तुकडे मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा, तव्याच्या कडेला पाण्याचे दोन थेंब टाका आणि मिनिटभर झाकण घाला. तळ कुरकुरीत होतो, चीज पुन्हा सैल पडतं.